कोरेवाडी तलावातील बोटीच्या जनरेटरमध्ये पाणी कसे शिरले, त्याबाबत प्रसेनजित सरवदे यांचा जबाब

कोरेवाडी पोलीस ठाणे, ता. तुळजापूर, जि. धाराशिव
दिनांक १४/११/२०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

माझे नाव प्रसेनजित व्यंकट सरवदे, वय ४९ वर्षे, शिक्षण आयटीआय डिझेल मेकॅनिक, धंदा इंजिन व जनरेटर दुरुस्ती, राहणार जळकोट, महामार्गालगत, ता. तुळजापूर, जि. धाराशिव.

मी आज स्वतःच्या पायाने ठाण्यात आलो आहे. मला कोणी मारहाण केली नाही, धाक घातला नाही. आमिष दाखवले नाही असे मात्र लिहू नये, कारण ते दाखवले होते आणि ते पुढे येईल. पोलीस हवालदार सोनाली डावरे यांच्यासमोर बसून मी सांगतो ती हकीकत अशी की,

मी सन १९९९ ते २०१८ रत्नागिरीस बंदरावर मासेमारी बोटींच्या इंजिनांचे काम केले. वडील वारल्यावर गावी परत आलो आणि महामार्गालगत 'दीक्षा डिझेल वर्क्स' या नावाने गॅरेज सुरू केले. घरात पत्नी चांगुणा आणि मुलगी दीक्षा, वय २४, असे आम्ही तिघे आहोत. दीक्षाचा मेकॅनिकल डिप्लोमा झाला आहे व ती माझ्याबरोबर गॅरेजमध्ये काम करते. ती माझी मदतनीस नाही. मापे ती काढते, मी कापतो. तिची रेल्वेत टेक्निशियन म्हणून निवड झाली असून वैद्यकीय तपासणी पार पडली आहे. चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी आहे व तिचे पत्र याच ठाण्यात येणार आहे.

दि. १०/११/२०२५ रोजी इंद्रजित लोमटे, रा. कोरेवाडी, सचिव, कोरेवाडी जलविहार पर्यटन संस्था, यांनी दिलेला अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. त्यात असे लिहिले आहे की जनरेटरच्या एक्झॉस्टचा पाईप निष्काळजीपणे व चुकीचा बसवल्याने तलावाचे पाणी उलटे इंजिनात शिरले आणि जनरेटर निकामी झाला. जबाबदार इसम क्रमांक १ मी आणि क्रमांक २ दीक्षा. अद्याप गुन्हा दाखल झालेला नाही, चौकशी सुरू आहे. गुन्हा दाखल झाला तर पडताळणीच्या कागदावर काय शेरा पडेल आणि रेल्वे त्यावर काय करील हे मला माहीत आहे. अर्ज लिहिणाऱ्यालाही माहीत आहे. नाहीतर तिचे नाव त्यात घालण्याचे काहीच कारण नव्हते.

सदर संस्थेचे अध्यक्ष रणधीर दगडोबा लोमटे हे अर्जदाराचे सख्खे चुलते. त्यांना गावात सर्वजण अण्णा म्हणतात. संस्थेने कोरेवाडी तलावात फिरवण्यासाठी चाळीस माणसांची बोट आणली. तिच्यात काचेची थंड केबिन आहे, मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी सोफा आहे आणि गाणी लावण्याची सोय आहे. या सगळ्याला वीज लागते म्हणून तोडीला आलेल्या जहाजावरचा एक मरीन जनरेटर घेण्यात आला. तो बोटीच्या तळात बसवणारा माणूस जिल्ह्यात दुसरा मिळाला नाही, म्हणून रणधीर अण्णा सप्टेंबर महिन्यात चार वेळा माझ्या गॅरेजवर आले. मी चारही वेळा चहा मागवला. चारही वेळा त्यांचा उपवास होता. वार वेगवेगळे होते.

डावरे मॅडमनी पाईपाचे काम समजेल असे सांगा म्हटल्यावरून सांगतो. शेतातल्या इंजिनाचा धूर कोरडा बाहेर जातो. बोटीत जागा बंद असते, तापलेल्या पाईपाने आग लागू शकते, म्हणून तिथले काम वेगळे असते. इंजिन फिरले की त्याचाच पंप तळातल्या कॉकमधून तलावाचे पाणी ओढतो, इंजिन गार करतो आणि ते पाणी शेवटी धुरात सोडतो. पाणी आणि धूर खाली एका डब्यात येतात. इंजिन चालू असेपर्यंत धुराचा जोर ते पाणी ढकलत पाईपातून बाहेर टाकतो. या सर्व प्रकारात भीती एकच, पाणी मागे फिरून इंजिनात जाण्याची. इंजिनाला हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पाणी आत असताना इंजिन फिरले तर आतले लोखंड मोडते.

ते होऊ नये म्हणून डबा इंजिनाच्या खालच्या पातळीवर बसवला. डब्यातून निघालेला पाईप सरळ बाहेर न काढता तलावाच्या पातळीच्या दीड फूट वर नेला, तिथे कमान केली आणि मग बाहेर सोडला, म्हणजे लाट आली तरी पाणी कमान ओलांडत नाही. गार करणाऱ्या पाण्याच्या नळीलाही पातळीच्या वर हवेचा व्हॉल्व्ह दिला, म्हणजे इंजिन बंद असताना पाणी आपोआप ओढले जात नाही. रिकामी बोट आणि भरलेली बोट पाण्यात सारखी बसत नाही. म्हणून दीक्षाने चाळीस प्रवासी आणि बोटीवरची दोन माणसे धरून खताच्या बेचाळीस रिकाम्या गोण्यांत वाळू भरून त्या बोटीत माणसांसारख्या बसवल्या, बोट खाली बसू दिली, आणि मग बाहेरून खडूने पातळीची रेघ मारली. दीड फूट त्या रेघेपासून मोजले आहे. इंद्रजित लोमटे तेव्हा धक्क्यावर उभे राहून हसत होते. "बाई, गोण्यांना तिकीट लावायचं का?" असे ते म्हणाले. दीक्षा रेघ मारत राहिली.

पुढे ती कमान पाहुण्यांच्या सोफ्याखाली येऊ लागली व सोफा नीट बसेना. इंद्रजित यांनी पाईप एक फूट खाली घ्या असे सांगितले. दीक्षा म्हणाली, "मग सोफा एक फूट वर घ्या." त्यावरून दोन दिवस काम बंद राहिले. अखेर सोफा वर घेतला गेला. ज्या पाईपाला आज चुकीचा म्हणतात तो खाली घ्यायला सांगणारेच अर्जदार आहेत, हे लिहून घ्यावे.

काम दि. १२/१०/२०२५ रोजी संपले. दि. १३ व दि. २७ रोजी तीन-तीन तास जनरेटर पूर्ण लोड देऊन चालवला. मध्ये आणि नंतर बोट पाण्यातच उभी होती. दोन्ही वेळा मी डबा उघडला, तेलाची दांडी काढून पाहिली. तेल स्वच्छ होते. पाण्याचा थेंब मागे आलेला नव्हता. बोटीचे चालक शंभुलिंग स्वामी, रा. अणदूर, हे दोन्ही वेळा हजर होते व तसे ते सांगतील.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पाईपाने टळत नाही. सेल्फ मारला आणि इंजिन लागले नाही, तरी पंप फिरतो व पाणी ओढतो. धूर नसल्याने ते पाणी बाहेर ढकलले जात नाही, डब्यात साठते. परत परत सेल्फ मारला तर डबा भरतो, मग पाईप भरतो आणि पाणी मागच्या वाटेने इंजिनात चढते. हे बंदरावर नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. दीक्षाने याचा एक पत्रा रंगवून केबिनमध्ये सेल्फच्या बटणाच्या वर लावला. त्यावर असे लिहिले होते: इंजिन लागत नसेल तर सेल्फ तीन वेळांपेक्षा जास्त मारू नये. तळाचा कॉक बंद करावा. डबा रिकामा करावा. हेच मी रणधीर अण्णा, इंद्रजित व शंभुलिंग या तिघांना तोंडीही सांगितले होते. अण्णांनी मान हलवली होती. इंद्रजित मोबाईलमध्ये पाहत होते.

दि. ९/११/२०२५, रविवार, रोजी बोटीचे उद्घाटन होते. आदल्या दिवशी इंद्रजित यांचा फोन आला की कारागिरांचा सत्कार आहे, शाल-नारळ आहे, दोघेही या. आम्ही सकाळी सव्वादहा वाजता तलावाच्या धक्क्यावर पोहोचलो. दीक्षाने इस्त्रीचा ड्रेस घातला होता. तिची आई तिला घरून निघताना दोनदा म्हणाली की आज तरी हाताला ग्रीस लावून घेऊ नकोस. बोटीला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. केबिनच्या काचेतून पाहिले तर दीक्षाने रंगवलेल्या पत्र्यावर लोमटे मंडळींच्या फोटोंचा फ्लेक्स बांधलेला होता. फ्लेक्सच्या मधोमध बटणापुरते भोक पाडले होते.

पाहुणे अकरा वाजता येणार होते, ते आले नाहीत. पाहुण्यांचे नाव अर्जात घातलेले नाही, म्हणून मीही घेत नाही. इंजिनाचा पहिला धूर पाहुण्यांच्याच हातून निघाला पाहिजे असे अण्णांचे म्हणणे होते. पण जमलेल्या मंडळींत बटण दाबण्याचा मान कोणाकोणाला यावरून कुरबुर सुरू झाली. एकाने जागा दिली होती, एकाने मंडप, एकजण अण्णांचे व्याही. कोणाला नाही म्हणायचे? तेव्हा इंद्रजित यांनी तोड काढली. सगळ्यांनी एकेकदा बटण दाबायचे, फोटो काढायचा, इंजिन घरघरेल पण लागणार नाही, आणि पाहुणे आल्यावर खरे लागेल. त्यांनी कागदावर अकरा मानकऱ्यांची यादी केली. इंजिन बंद करायचा एक दांडा असतो, तो ओढून धरला की इंजिनाला डिझेल जात नाही. तो दांडा त्यांनी तळात उतरून पूजेतल्या लाल नाड्याने बांधला. हे शंभुलिंग यांनी पाहिले व मला नंतर सांगितले. मला त्या वेळी एवढेच कळत होते की इंजिन मुद्दाम लागू देत नाहीत.

त्याआधी पूजा झाली होती. पूजेनंतर माईकवरच्या माणसाने "यंत्र बसवणारे कारागीर सरवदे आणि त्यांची कन्या" असा पुकारा केला. दीक्षा पुढे होती. तिने बोटीवर चढायच्या फळीवर पाय ठेवला. रणधीर अण्णा बोटीवरून म्हणाले, "पूजा झालीया आता. त्यास्नी वर न्हाय घ्यायचं. तिथंच राहू द्या." मोठ्याने म्हणाले नाहीत. का ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दीक्षाने पाय मागे घेतला. शाल शंभुलिंग यांच्या हाती खाली पाठवण्यात आली. दीक्षाने ती घेतली नाही व मीही घेतली नाही. शंभुलिंग यांनी ती धक्क्याच्या कठड्यावर ठेवली व ते खाली मान घालून परत गेले.

मग बटण दाबणे सुरू झाले. मी धक्क्यावरून प्रत्येक सेल्फ मोजला. पाण्याकडच्या पाईपाच्या तोंडातून काहीच बाहेर पडत नव्हते, म्हणजे ओढलेले सगळे पाणी आतच राहत होते. तीन झाल्यावर मी शंभुलिंग यांना हाक मारून थांबवा म्हटले. ते म्हणाले, "माझं कोण ऐकतंय मिस्त्री?" पाचव्या सेल्फला मी इंद्रजित यांना ओरडून सांगितले की डबा भरतोय. ते म्हणाले, "मिस्त्री, फोटो चाललाय. गप उभं ऱ्हावा." सहाव्यानंतर मी अण्णांना फोन लावला. त्यांनी खिशातून फोन काढून नाव पाहिले आणि कट केला, हे मी समोरून पाहिले. आठव्याला दीक्षा स्वतः ओरडली, "काका, पाणी इंजिनात चढंल, कॉक तरी बंद करा!" त्यावर दोघे-तिघे तिच्याकडे पाहून हसले. एका मानकऱ्याचे फोटोत डोळे मिटले, त्याने परत दाबले. एकाने आपल्या पत्नीलाही दाबू दिले. एकाने बोट बटणावरून उचललेच नाही, कारण फोटो काढणाऱ्याचा मोबाईल अडकला होता. यादी अकराची होती, सेल्फ सतरा झाले. माणसे एवढ्या मोठ्या वयाची आणि बटणासाठी एकमेकांना कोपराने ढकलत होती. मला बघवेना, पण मोजायचे होते म्हणून बघत राहिलो.

पाहुणे बारा वाजून चाळीस मिनिटांनी आले. त्यांनी बटण दाबले. इंजिन लागले नाही, कारण नाडा सोडायचे इंद्रजित विसरले होते, ते हार घेऊन वर उभे होते. पाहुण्यांनी तीन वेळा दाबले. म्हणजे वीस. मग वरून अण्णांचा आवाज आला, "बापाला बोलवा. पोरीला न्हाय." मला केबिनमधून न नेता मागच्या पायरीने, मागच्या झाकणातून सरळ तळात उतरवले. मी खाली दांड्याला बांधलेला नाडा पाहिला. तो सोडला. वर सेल्फ दाबला गेला. इंजिन एकदा लागल्यासारखे झाले आणि लगेच मोठा आवाज झाला. कनेक्टिंग रॉड वाकून मोडला व ब्लॉकला हाताच्या मुठीएवढे भोक पडले. गरम तेल माझ्या डाव्या हातावर उडाले. ग्रामीण रुग्णालयाचा कागद सोबत जोडला आहे.

मी वर आलो तेव्हा पाहुणे गाडीकडे निघाले होते. रणधीर अण्णा माईक हातात असतानाच म्हणाले, "पाईपच चुकीचा बसवलाय." आवाज झाल्यापासून तळात पाहायला कोणीही उतरलेले नव्हते. अण्णांनी आयुष्यात त्या डब्याचे झाकण पाहिलेले नाही. पाच मिनिटांत निकाल लागला. दीक्षा धक्क्यावरून माझ्या हाताकडे बघत होती आणि बोटीवरची माणसे आपापल्या कपड्यांवर डाग पडला का ते बघत होती.

दि. ११/११/२०२५ रोजी दुपारी इंद्रजित माझ्या गॅरेजवर आले. मोटारसायकलवरून उतरले नाहीत. म्हणाले, "मिस्त्री, पाईपात चूक झाली एवढं लिहून द्या. विम्याला तेवढं लागतंय. पोरीचं नाव मी काढतो. तिचं पडताळणीचं पत्र हितंच येणार की न्हाय?" वर हेही म्हणाले की आपण एका भागातली माणसं, कशाला वाढवायचं. मी विचार करतो म्हणालो. खरे सांगायचे तर मी विचार केला नाही, ठरवूनच टाकले होते. एका पाईपाने मुलीची नोकरी वाचत असेल तर पाईप चुकीचा म्हणायला माझी जीभ झडत नाही, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवताना मी घरात तसे सांगितले. पत्नी म्हणाली, "द्या लिहून. लोखंडच हाय ते." दीक्षा ताटावरून उठली नाही. ती म्हणाली, "पप्पा, तो पाईप माझा हाय. रेघ म्या मारली, माप म्या काढलं. तुमीच चुकीचा म्हणालात तर रेल्वेत जाऊन म्या कशाला हात लावू?" मी म्हणालो, कागदावर म्हणायचे फक्त. ती म्हणाली, "कागदावरच तर ऱ्हातंय सगळं."

मग तिने विचारले, "पप्पा, तुमी खाली गेल्यावर डबा बघितला न्हाय का? तुमी तर इंजिनाला हात लावायच्या आधी डबा बघता."

भाजलेला हात दुखतो म्हणून उठून गेलो. ती माझ्या हाताखाली शिकली आहे, त्यामुळे उठून गेलो म्हणजे काय ते तिला कळले असणार. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी आज इथे देत आहे.

वर मी तळात उतरल्यानंतरचा एक भाग गाळला आहे. तो असा. मी नाडा पाहिला, पण आधी डबा पाहिला. बोटांनी ठोकून पाहिला. रिकाम्या डब्याचा आवाज येतो, हा मुका होता. वरची रबरी नळी हाताने दाबली, ती गच्च होती. म्हणजे पाणी डब्याच्या वर, इंजिनाच्या तोंडापर्यंत गेलेले होते. यात मला कसलीही शंका नव्हती. उपाय मला येत होता. तळाचा कॉक बंद करायचा, डब्याचा बूच काढायचा, इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवायचे, पाणी बाहेर घालवायचे. दीड तासाचे काम होते. पाना माझ्या खिशात होता. मी झाकणाकडे तोंड करून सांगायला लागणार होतो. त्याआधी आम्ही दोघांनी मिळून चार वेळा सांगायचा प्रयत्न केला होता, हे पाचवे झाले असते.

झाकण उघडे होते. वर अण्णा कोणाला तरी म्हणाले, "मिस्त्री वर आला की ती मागची पायरी पाण्यानं धुऊन घ्या. पाहुण्यास्नी त्याच वाटंनं न्यायचंय." कोणीतरी "व्हय अण्णा" म्हणाले. कोणी हसले नाही. अण्णाही रागाने बोलले नाहीत. घरातल्या बाईला भांडी घासायला सांगावे तसे ते सांगणे होते.

मला त्या वेळी राग आला नाही. राग मला ओळखीचा आहे, तो आला असता तर मी वर जाऊन भांडलो असतो. मला किळस आली. त्या माळांची, त्या फ्लेक्सची, वर घेतलेल्या सोफ्याची, आणि आम्ही दोघांनी नऊ दिवस आडवे पडून जिथे काम केले त्या बोटीच्या तळाचीसुद्धा. जे इंजिन आम्ही बसवले ते यांच्यासाठी आता एक मिनिटही चालू नये असे वाटले. मी नाडा सोडला. वरून इंद्रजित यांनी विचारले, "मिस्त्री, दाबू का?"

मी म्हणालो, "व्हय. दाबा."

काय होणार ते मला माहीत होते. आवाज होण्याआधी मी तोंड फिरवले होते. हात फिरवला नाही, म्हणून तो भाजला.

तरी माझे म्हणणे असे आहे. पाईप बरोबर होता, कमान बरोबर होती, रेघ बरोबर होती. पंच नेऊन फूटपट्टीने मोजून घ्यावे. पाणी तलावातून उलटे आलेले नाही, ते मान घेणाऱ्या लोकांनी वीस वेळा बटण दाबून ओढून आत भरले. आत भरलेले आहे हे कळत असताना इंजिन लावू देणारा माणूस मी आहे. दीक्षा त्या वेळी धक्क्यावर होती. तिला बोटीवर घेतलेच नव्हते, याला साठ-सत्तर साक्षीदार आहेत. तेव्हा अर्जातील क्रमांक २ चे नाव कमी करावे. गुन्हा जो होत असेल तो माझ्या एकट्याच्या नावे दाखल करावा.

पायरी धुण्याच्या बोलण्याबाबत स्वतंत्र तक्रार द्यायची आहे का असे डावरे मॅडमनी मला विचारले. द्यायची आहे. पण आज नाही. आज दिली तर सरवदेने आपले पाप झाकायला दिली असे म्हणतील, आणि तसे म्हणायची संधी मला त्यांना द्यायची नाही. ती मी वेगळ्या दिवशी वेगळ्या कागदावर देईन.

माझा हा जबाब डावरे मॅडमनी संगणकावर लिहून मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी त्यांनी माझ्या भल्यासाठी "नजरचुकीने दाबा म्हणालो" असे घातले होते. त्यातला "नजरचुकीने" हा शब्द मी काढायला लावला. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

सही
(प्रसेनजित व्यंकट सरवदे)
डावा हात भाजलेला असल्याने कागद हवालदारांनी धरला, सही उजव्या हाताने माझीच.

समक्ष
(सोनाली डावरे)
पोलीस हवालदार, कोरेवाडी पोलीस ठाणे